किती वाजले? – ‘ओ’क्लॉक’ या शब्दाची कुळकथा

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात गंगापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





बक्षीस समारंभाच्या आधी पाहुण्याने फार वेळ बोलू नये, हे मला शिक्षकीच्या इतक्या वर्षांत चांगले कळले आहे. मुलांचे लक्ष बक्षिसांच्या टेबलाकडे असते आणि मोठ्यांचे घड्याळाकडे. तेव्हा आज घड्याळावरच बोलावे असे ठरवून आलो आहे. इंग्रजी शाळेत पहिल्या-दुसऱ्या वर्षीच आपण एक शब्द शिकतो, तो म्हणजे ‘ओ’क्लॉक’. फोर ओ’क्लॉक, फाइव्ह ओ’क्लॉक. हा शब्द आला कोठून, तो वापरायचा कसा, आणि गंगापूरच्या मुलामुलींशी त्याचे नाते काय, एवढाच आजचा विषय आहे.

हा विषय मला एका मुलाने दिला. काही वर्षांपूर्वी एका गावी बारावी झालेल्या मुलांसाठी मुलाखतीचा सराव ठेवला होता. परीक्षक म्हणून आम्ही तिघे बसलो होतो. एक मुलगा पुढे आला. वडील सायकल दुरुस्तीचे काम करणारे, घरात इंग्रजी वाचणारा तो पहिलाच. त्याला इंग्रजीतून विचारले, “सकाळी किती वाजता उठतोस?” त्याने ताठ उभे राहून उत्तर दिले, “फाइव्ह थर्टी ओ’क्लॉक, सर.” खोलीत हशा पिकला. मुले हसली, परीक्षक हसले. खोटे कशाला सांगू, मीही हसलो. त्यानंतर त्या मुलाने एकाही प्रश्नाचे धड उत्तर दिले नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावाला तो आलाच नाही.

घरी गेल्यावर मी स्वतःलाच विचारले, की बाबा रे, तू हसलास, पण त्याची चूक काय झाली हे तुला तरी सांगता येईल का? ‘असे म्हणत नाहीत’ एवढेच मला ठाऊक होते. का म्हणत नाहीत, ते ठाऊक नव्हते. मग शोधू लागलो. त्या शोधात जे हाती लागले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी वापराचा नियम सांगून टाकतो, म्हणजे विद्यार्थ्यांचे काम होईल. आजच्या इंग्रजीत ‘ओ’क्लॉक’ फक्त पूर्ण तासाला लागतो. पाचला फाइव्ह ओ’क्लॉक म्हणावे. साडेपाचला नुसते फाइव्ह थर्टी किंवा हाफ पास्ट फाइव्ह म्हणावे. पाच वाजून दहा मिनिटांना टेन पास्ट फाइव्ह म्हणावे. ए.एम., पी.एम. यांच्या जोडीलाही तो सहसा बसवत नाहीत. संध्याकाळचे पाच सांगायचे तर फाइव्ह ओ’क्लॉक इन द इव्हनिंग म्हणतात. सैन्यात तो दिशाही दाखवतो. आपण घड्याळाच्या मध्यभागी उभे आहोत असे धरले, तर बारा ओ’क्लॉक म्हणजे नाकासमोर आणि तीन ओ’क्लॉक म्हणजे उजव्या हाताला.

आता कुळकथा. ‘ओ’क्लॉक’ हे ‘ऑफ द क्लॉक’ याचे आखूड रूप आहे. सरळ मराठी करायचे तर ‘घड्याळाचे’. पाच ओ’क्लॉक म्हणजे घड्याळाचे पाच. चौदाव्या शतकातील चॉसर या इंग्रज कवीच्या काव्यात ‘ऑफ द क्लॉक’ असे पूर्ण रूप येते. पुढे बोलता बोलता ते झिजले, आणि गळलेल्या अक्षरांच्या जागी डोक्यावर एक टिंब-शेंडी राहिली. क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना आयर्लंडच्या ओ’ब्रायनच्या नावातही तशीच शेंडी दिसते, परंतु तो ‘ओ’ वेगळा. तेथे आयरिश भाषेत त्याचा अर्थ नातू किंवा वंशज असा आहे.

पण ‘घड्याळाचे पाच’ असे म्हणण्याची गरजच का पडली? पाच ते पाचच, त्यात घड्याळाचे काय नि दुसऱ्याचे काय? गरज अशी पडली की त्या काळी दुसरेही पाच होते, ते सूर्याचे. जुन्या युरोपात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या वेळेचे बारा भाग करीत. दिवस मोठा की भाग मोठा, दिवस लहान की भाग लहान. आपल्याकडे उन्हाळ्यातला दिवस सव्वातेरा तासांचा आणि हिवाळ्यातला अकरा तासांचा, म्हणजे फरक थोडा. पण लंडनला जूनमधला दिवस साडेसोळा तासांचा, तर डिसेंबरातला आठ तासांहूनही कमी. म्हणजे तिकडे सूर्याचा एक ‘तास’ उन्हाळ्यात ऐंशी मिनिटांच्या वर जाई आणि हिवाळ्यात चाळीस मिनिटांच्या खाली येई. यंत्राच्या घड्याळाला हे जमणारे नव्हते. त्याचे चोवीसही तास सारखे. म्हणून कोणते पाच, सूर्याचे की घड्याळाचे, हे सांगावे लागे. ‘ओ’क्लॉक’ हे त्या स्पष्टीकरणाचे उरलेले शेपूट आहे.

आता ‘क्लॉक’ या शब्दाकडे वळू. खरी गंमत येथे आहे. क्लॉकचा मूळ अर्थ घड्याळ नव्हे. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘क्लोका’ म्हणजे घंटा. जर्मन भाषेत ‘ग्लोके’ म्हणजे आजही घंटाच, आणि फ्रेंचमध्ये ‘क्लोश’ म्हणजे घंटाच. युरोपातल्या पहिल्या मोठ्या घड्याळांपैकी अनेकांना तबकडी नव्हती की काटे नव्हते. इंग्लंडमधील सॉल्झबरी येथील चर्चचे घड्याळ १३८६ च्या सुमाराचे मानतात. त्यालाही तबकडी नाही. ते वेळ दाखवीत नसे, वाजवीत असे. लोक घड्याळ बघत नव्हते, ऐकत होते. पाच ओ’क्लॉक म्हणजे ‘घंटेचे पाच’, म्हणजे पाच ठोके.

आणि आपण काय म्हणतो? ‘पाच वाजले.’ घरी दखनी बोलणारी आपली मुले काय म्हणतात? ‘पाच बजे.’ वाजणे आणि बजना हे एकाच मुळाचे दोन फाटे आहेत. ‘वाद्य’ या संस्कृत शब्दाच्या घराण्यातले ते भाऊ, आणि वाजंत्री व बाजा हेही त्याच घरचे. आज हातातला मोबाइल मुकाट्याने आकडे दाखवतो, काहीही वाजत नाही, तरी आपण विचारतो, “किती वाजले?” म्हणजे इंग्रजाच्या ‘क्लॉक’मध्ये जी घंटा लपली आहे, तीच आपल्या ‘वाजले’मध्ये उघड उघड वाजते आहे.

आपले व्याकरणही ती घंटा विसरलेले नाही. नीट लक्ष द्या. आपण ‘एक वाजला’ म्हणतो, पण ‘दोन वाजले’ म्हणतो. पाऊण वाजला, सव्वा वाजला, दीड वाजला. पुढे पावणेदोन वाजले, अडीच वाजले. एक वाजला तो कोण? टोला वाजला. दोन वाजले ते कोण? टोले वाजले. टोला हा शब्द वाक्यातून गेला, पण त्याचे लिंग आणि वचन क्रियापदावर ठसा उमटवून गेले. तसेच ‘पाच वाजून दहा मिनिटे झाली’ हे वाक्य पाहा. आधी पाच टोले वाजले आणि त्यानंतर दहा मिनिटे गेली, असा त्याचा अगदी चोख अर्थ आहे.

आमच्या लहानपणी खेड्यातल्या शाळेत लिंबाच्या झाडाला लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला असे. शिपाईमामा लोखंडी गजाने त्यावर टोल देत आणि आमचा तास बदले. गणिताचा तास, भूगोलाचा तास, आणि सर्वांचा आवडता मोकळा तास. हा ‘तास’ शब्द तरी कोठला? अरबी-फारसीत ‘तास’ म्हणजे पसरट भांडे, वाडगे. (शेतात नांगराचे तास असते ते वेगळे, त्याचा याच्याशी संबंध नाही.) मोल्सवर्थसाहेबांच्या जुन्या मराठी-इंग्रजी शब्दकोशात तास म्हणजे एक कालावधी, आणि तास म्हणजे वेळ सांगण्यासाठी वाजवायची धातूची थाळी, असे दोन्ही अर्थ दिले आहेत. वाडग्यापासून वेळेपर्यंतचा हा प्रवास समजायला आपल्या देशातील जुने घटिकापात्र समजून घेतले पाहिजे.

तांब्याचे अर्धगोल वाडगे घ्यायचे, बुडाला बारीक छिद्र पाडायचे आणि ते पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायचे. छिद्रातून पाणी आत शिरते, वाडगे भरते आणि बुडते. त्याला लागणारा वेळ म्हणजे एक घटका, अर्थात चोवीस मिनिटे. दिवस-रात्र मिळून साठ घटका. आपल्या आठवणीतल्या कितीतरी वाक्यांत हे वाडगे तरंगते आहे. ‘दोन घटका बसा’ म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे बसा. एखाद्याचा शेवट जवळ आला की ‘त्याची घटका भरली’ म्हणतात, म्हणजे वाडगे भरले. ‘औट घटकेचे राज्य’ या म्हणीत औट म्हणजे साडेतीन, तेव्हा ते राज्य चौऱ्याऐंशी मिनिटांचे. आणि घटकेपासूनच ‘घडियाळ’, त्याचे आपले ‘घड्याळ’.

पाणी कोठेही मिळते, छिद्राचे वाडगे कोणीही तांबट करून देतो. म्हणून हे साधन देश ओलांडून गेले. दियारबकरच्या प्रदेशातील अल-जझरी या कारागीर पंडिताने १२०६ साली यंत्रांवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात हत्तीच्या आकाराचे एक घड्याळ आहे. त्या हत्तीच्या पोटातल्या पाण्यात छिद्राचे वाडगेच दर अर्ध्या तासाला बुडते. दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक (१३५१ ते १३८८) याने फिरोजाबादेत ‘तास-ए-घडियाल’ बसवले. वाडगे बुडाले की थाळीवर टोला. आभाळ भरून आले, सूर्य दिसेनासा झाला, तरी लोकांना नमाजाची वेळ कळावी हा त्याचा एक मोठा उपयोग त्या काळच्या इतिहासकाराने, अफीफने, नोंदवला आहे. इकडे हिंदू लग्नात मुहूर्त साधण्यासाठी भटजी पाण्यात तरंगत ठेवीत ते घटिकापात्रही हेच. एकाच वाडग्याने दोघांची वेळ सांभाळली.

बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील वेळ मोजण्याची ही पद्धत मोठ्या बारकाईने लिहिली आहे. मोठ्या गावांत घडियाली नेमलेले असत. पितळेची जाड थाळी उंच जागी टांगलेली असे, तिचे नावच घडियाल. वाडगे भरले की ते टोले देत. बाबराला त्यात एक अडचण दिसली. रात्री मध्येच जाग आलेल्या माणसाला तीन-चार टोले ऐकू आले, तर घटका कळे, पण दुसरा प्रहर की तिसरा हे कळत नसे. म्हणून त्याने हुकूम केला, की घटकेचे टोले दिल्यावर थोडे थांबावे आणि मग प्रहराचे टोले वेगळे द्यावेत. पहिल्या प्रहराच्या तीन घटका असतील तर तीन टोले, मग क्षणभर शांतता, मग एक टोला.

शिक्षक बंधू-भगिनींनो, मला या गोष्टीत मोठा अर्थ दिसतो. जागा झालेल्या माणसाला कळले नाही, तेव्हा बाबराने त्याला मूर्ख ठरवले नाही. सांगण्याची पद्धत सुधारली.

जाता जाता आणखी एक जोडी सांगतो. प्रहराचा ‘पहर’ झाला आणि पहराचा ‘पहारा’. इंग्रजीतही ‘वॉच’ म्हणजे पहारा आणि ‘वॉच’ म्हणजेच मनगटावरचे घड्याळ. दोन भाषांची कधी गाठ पडलेली नसताना माणसाची बुद्धी एकाच वाटेने चालते ती अशी.

आता आपल्या गंगापुरात येऊ. ‘घड्याळाचे’ हे शेपूट आज निरुपयोगी झाले आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला गंगापूरची दुपार दाखवा. आपले गाव सुमारे ७५ अंश पूर्व रेखांशावर आहे. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरून धरलेली आहे. साडेसात अंशांचा फरक, दर अंशाला चार मिनिटे, म्हणजे बरोबर तीस मिनिटे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा गंगापूरच्या सूर्याचे सरासरी साडेअकराच झालेले असतात. सूर्य डोक्यावर येतो तो सरासरी साडेबाराला. त्यातही वर्षभर कमी-जास्त होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सुमारे बारा वाजून चौदा मिनिटांनी, तर फेब्रुवारीच्या मध्याला सुमारे पाऊण वाजता. मशिदीतले वेळापत्रक घेऊन जवालची वेळ महिन्यागणिक वहीत उतरवा आणि आलेख काढा. भूगोलाचा एक उत्तम प्रयोग घरबसल्या होईल.

ए.एम. आणि पी.एम. म्हणजे लॅटिनमध्ये मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर. पण बारा वाजून पाच मिनिटांना आपण पी.एम. लिहितो तेव्हा गंगापुरात वर्षातल्या एकाही दिवशी मध्यान्ह झालेले नसते. ते पी.एम. घड्याळाचे असते, सूर्याचे नव्हे. देशाची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, परंतु मुंबईने तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ कित्येक वर्षे सोडली नाही. तेथे पाच वाजले म्हटल्यावर कोणते पाच, हे विचारावेच लागे. चौदाव्या शतकातल्या इंग्रजाची अडचण विसाव्या शतकातल्या मुंबईकराची झाली होती.

आता त्या मुलाकडे परत येतो. तो ‘फाइव्ह थर्टी ओ’क्लॉक’ का म्हणाला? तो मनात म्हणत होता ‘साडेपाच वाजले’. मराठीत ‘वाजले’ साडेपाचलाही लागते, सव्वापाचलाही लागते. दखनीत ‘साडेपाच बजे’ म्हणतातच. त्याने ‘वाजले’च्या जागी ‘ओ’क्लॉक’ ठेवला, आणि अर्थाने पाहिले तर तो दूर गेलेला नव्हता, कारण दोन्हींत एकच घंटा आहे. इतकेच नव्हे, शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी पुस्तकांत ‘हाफ पास्ट फाइव्ह ओ’क्लॉक’ असे खुद्द इंग्रज लिहीत. आज ती रीत राहिली नाही, म्हणून परीक्षेत आपणही लिहू नये. पण ती चूक अडाण्याची नव्हती. विचार करून बोलणाऱ्याची होती. “बाळ, ओ’क्लॉक पूर्ण तासालाच लावतात,” एवढे एक वाक्य मी त्या दिवशी बोललो असतो तर काम झाले असते. त्या वाक्याला दहा सेकंद लागली असती. ती मी दिली नाहीत. त्याची किंमत त्या मुलाने किती वर्षे मोजली असेल, मला ठाऊक नाही.

मित्रहो, आपल्या मुलांवर तीन-चार भाषांचे ओझे आहे असे आपण नेहमी ऐकतो. घरात एक, शाळेत दुसरी, कचेरीत तिसरी, नोकरीला चौथी. मराठी बोलताना वाटते ती दुसऱ्याची, इंग्रजी तर साहेबाचीच. या भीतीने आपली कितीतरी हुशार मुले वर्गात तोंड उघडत नाहीत. त्यांना मी सांगू इच्छितो, की एका शाळेच्या वेळापत्रकावरून नजर फिरवा. मराठी माध्यमाचा मुलगा ‘तास’ म्हणतो, ते अरबी-फारसीतले वाडगे. उर्दू माध्यमाची मुलगी ‘घंटा’ म्हणते, तो संस्कृतातला शब्द. दोघे ज्याच्याकडे बघतात ते ‘घड्याळ’ संस्कृत घटिकेपासून आले, त्याची ‘तबकडी’ अरबी तबकापासून, आणि इंग्रजी शिकवणारे सर ज्याला ‘क्लॉक’ म्हणतात ती लॅटिन घंटा. यातला कोणता शब्द कोणाच्या बापजाद्यांचा, हे ठरवत बसलो तर शाळा भरायचीच नाही. जो शब्द समजून वापरतो, त्याचा तो शब्द.

विद्यार्थ्यांना माझी एकच विनंती. शब्द चुकला तर गप्प बसू नका, ‘का चुकला’ असे विचारा. आणि शिक्षकांना व पालकांना विनंती, की मूल चुकले तर हसण्यापूर्वी त्या चुकीच्या मुळाशी काय आहे ते एकदा पाहा. पुष्कळ वेळा तेथे विचारच असतो.

अध्यक्षसाहेब घड्याळाकडे पाहत आहेत, आणि ते योग्यच आहे. मला दिलेली घटका भरली. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.